गाडी मागनं दबंल

तानुबाईला कुणी 'नाही' म्हटलं की ती भांडत नाही. ऐकून घेते, पदर खोचते आणि चालू लागते. समोरच्याला वाटतं, संपलं एकदाचं. निमोण्यातल्या लोकांना मात्र अनुभवानं ठाऊक आहे, की संपलेलं काहीही नसतं. वस्तीवर नळ द्यायला नाही म्हटलं, तेव्हा बाई रोज आपली मेंढरं घेऊन गावातल्या हौदावर यायला लागली. पाणी पाजायची, बिडी ओढणाऱ्या मंडळींना रामराम घालायची आणि जायची. मागं लेंड्यांचा सडा. पावसाळा सरायच्या आत वस्तीवर नळ आला.

असे कितीतरी नकार तिनं आयुष्यात मोडून काढले. एकच तेवढा पोटात तसाच राहिला होता. तो मांडवगण फराट्याच्या मारुतरावांचा, आणि त्याला कारण झाली होती त्यांची गाडी.

तीसेक वर्षांपूर्वी तानुबाईचं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर होतं. ती, तिचा नवरा म्हस्कू आणि थोरली जाऊ रंगुबाई. मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचं, ज्या शेतकऱ्याला खत हवं त्याच्या रानात ती बसवायची, बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढच्या गावाला लागायचं. त्या साली मेंढरं बसली होती मारुतरावांच्या रानात. मारुतराव मोठे बागाईतदार. दारात काळी कॉन्टेसा. पंचक्रोशीत तशी दुसरी गाडी नव्हती. नाक एवढं लांब, की आधी गाडी येते आणि मालक नंतर पोचतात, अशी गावात थट्टा चालायची. ड्रायव्हर दिवसभर ती पुसत असायचा.

एका सकाळी बिऱ्हाड हलवताना चांदी घोडी पाण्याच्या चारीच्या काठावरून घसरली आणि ओझ्यासकट म्हस्कूच्या पायावर पडली. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज रंगुबाईनं ऐकला. तानुबाई धावत मारुतरावांच्या वाड्यासमोर गेली आणि थेट गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"मालक, ह्यांचा पाय मोडलाय. शिरूरच्या दवाखान्यापतुर सोडा."

मारुतरावांनी शिवी दिली नाही की हाकललं नाही. दिली असती तर बरं झालं असतं, राग तिथल्या तिथं मोकळा झाला असता. त्यांनी शांतपणे विचारलं, "संगं कोन कोन हाय?"

"पाय धरायला मी आन् माझी जाऊ."

मारुतरावांनी गाडीकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. "तिघं मागं बसल्यावर गाडी मागनं दबंल, बाई. रस्ता ह्यो असा. खाली घासंल. मी बैलगाडी जोडून देतो."

आणि खरंच त्यांनी बैलगाडी दिली, गडीही दिला. न्हावऱ्यापर्यंत म्हस्कू बैलगाडीत ओरडत गेला, तिथून पुढं एसटी. दवाखान्यात पोचला तेव्हा पाय भोपळ्याएवढा सुजला होता. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. पाय बाहेर फेकत चालणारा माणूस मेंढरांमागं किती फिरणार? कळप हळूहळू विकला गेला. दोन-चार मेंढरं राहिली. निमोण्याच्या माळावर कांदा, वांगी, झेंडू लावत बिऱ्हाड कायमचं थांबलं.

लोक म्हणतात, धनगर आता सुधारले, एका जागी राहायला लागले. तानुबाईला ते ऐकलं की हसू येतं. सुधारलो कसले, एका पायापाशी अडलो, असं ती म्हणते.

पुढं मारुतरावांकडं नव्या नव्या गाड्या आल्या. कॉन्टेसा चिंचेखाली गेली. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. एक दिवस निमोण्याच्या फाट्यावर भंगारवाल्याचा टेंपो चहाला थांबला. टेंपोच्या मागं दोरीनं बांधलेली ती गाडी होती. तानुबाई भाजीचा हारा घेऊन उभी होती. तिनं ते लांब नाक लगेच ओळखलं.

तिनं भंगारवाल्याला विचारलं, "कितीला देतो?" त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. ती वस्तीवर गेली आणि तिचा जातिवंत मेंढा दाव्याला धरून घेऊन आली. तो मेंढा बघायला लोक दौंडाहून यायचे. भंगारवाल्यानं एकदा मेंढ्याकडं बघितलं, एकदा गाडीकडं, आणि दोरी सोडली.

झालं. गावाला महिनाभराची करमणूक मिळाली. म्हातारीला चळ लागला म्हणाले. जित्राब देऊन पत्रा आणला म्हणाले. तानुबाईच्या सुनेनं, साधनानं, कपाळाला हात लावला. साधना पिकअप चालवते, भाजी घेऊन बाजारला जाते, तिला यंत्रातलं कळतं.

"आत्या, ही काय करायची?"

"ह्यात आपण तिघं मागं बसायचं. मी, तुझं मामा आन् रंगुबाई. तू चालवायची. मांडवगणला मारुतरावाच्या दारावरनं जायचं. आन् गाडी मागनं दबायची न्हाई."

 पायाची गोष्ट त्या घरात प्रत्येकाला पाठ होती. कागदांचं लचांड साधनानं निस्तरलं, शिरूरच्या एका मेकॅनिककडून इंजिन जिवंत करून घेतलं. रंग दिला तो काळाच. गाडी सुरू झाली तेव्हा तिच्या घुमण्यानं वस्तीवरची कुत्री पळाली. फाट्यावरची पोरं तिला 'मसल कार' म्हणायला लागली. म्हस्कूनं विचारलं, मसल म्हंजी काय, तर पोरांनी दंड काढून दाखवले.

दंड पुढं होते, मागं मात्र सगळी बोंब. मागच्या स्प्रिंगा इतक्या वर्षांत खचून गेल्या होत्या. तिघं बसली की गाडी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी ढुंगण टेकायची. गावातल्या एका लग्नात तशीच नेली, तर मांडवाच्या दारात एका पोरानं हाक मारली, "तानूआज्जी, गाडी मागनं दबलीय की!"

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. तो हसला, चार लोक हसले. तानुबाईचा चेहरा मात्र असा झाला, की म्हस्कूनं तिचा हात धरून तिला मांडवात नेलं.

दुसऱ्याच दिवशी गाडी यवतला गेली. तिथं हायवेला ईश्वरचं गॅरेज आहे. ईश्वर गाडीच्या फक्त मागच्या बाजूचा डॉक्टर. तालुक्यातले सगळे कांदेवाले आपल्या पिकअप त्याच्याकडंच कडक करून घेतात. कंपनीनं सांगितलेल्या वजनाच्या दुप्पट माल भरायचा आणि वर दोन माणसं बसवायची, ही आपल्याकडची रीत. तिच्यावर ईश्वरचा प्रपंच चालतो. मऊ गाडी म्हणजे लेचीपेची गाडी, अशी त्याची पक्की समजूत.

"मावशी, ह्याच्या मूळ स्प्रिंगा आता कुठं मिळायच्या न्हाईत," तो गाडीखालून म्हणाला. "दुसऱ्या घालू."

"कसल्याबी घाल. तिघं बसली तर एक बोटभर खाली जायला नको."

"बोट काय घेऊन बसलाय! दहा पोती टाका, हलायची न्हाई."

त्यानं जाडजूड तारेच्या स्प्रिंगा आणल्या, त्यांच्या वेढ्यांमध्ये रबराचे टणक बफर कोंबले, जोडीला मोठ्या गाडीचे शॉकअप लावले. तानुबाईनं कनवटीचा भंडारा काढून दोन्ही स्प्रिंगांवर उधळला, 'बिरोबाच्या नावानं' म्हणाली. गाडी खाली उतरली तेव्हा तिचं शेपूट वर होतं, झुंजीला उभ्या राहिलेल्या कोंबड्यासारखं. तिघं मागं बसली. गाडी तसूभर हलली नाही. ईश्वरनं मिशीवर हात फिरवला. तानुबाईला इतका आनंद झाला, की तिनं गॅरेजातल्या सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

घरी परतताना हायवेला गाडी सुसाट आली. चौफुल्याला वळून पारगावचा पूल ओलांडला आणि खरा रस्ता सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला. पहिल्या खड्ड्याला रंगुबाईचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्याला म्हस्कू 'आई गं' म्हणाला.  नंतर तो वाकडा पाय दोन्ही हातांनी धरून बसला, कपाळावर घाम. न्हावऱ्याच्या अलीकडं तो म्हणाला, "साधना, जरा थांबीव."

तो उतरला आणि रस्त्याच्या कडेनं पाय फेकत चालायला लागला.

"अवो, कुठं निघाला?" तानुबाई ओरडली.

"मी चालत येतो. तुमी व्हा म्होरं."

ज्या माणसाला त्या दिवशी या गाडीत बसायला मिळालं नव्हतं, तो आज या गाडीतून उतरून चालत निघाला होता. तानुबाईला आधी ईश्वरचा राग आला, मग रस्त्याचा, मग मारुतरावांचा. राग काढायला माणसं संपली तेव्हा ती उतरली आणि नवऱ्यामागं गेली. म्हस्कू एका बाभळीला टेकून उभा होता.

"लई दुखतंय?"

"तवा बैलगाडीत दुखलं तेवढंच," तो म्हणाला, आणि हसला. म्हस्कूला बायकोची खोडी काढायची सवय जुनीच. "तानू, चांदी आठवती का?"

"तिला कशी इसरंन?"

"तिच्यावर वझं टाकलं की ती काय करायची?"

 घोडी लादायचं काम बायांचं असतं, ते तानुबाईनं वर्षानुवर्षं केलं होतं. ओझं चढवलं की आधी दोन्ही हातांनी दाबून बघायचं. घोडी कंबर जराशी खाली घेते, अंग सैल सोडते, मग समजायचं की ओझं तिनं मानलं. जी कंबर घेत नाही, ताठ उभी राहते, तिच्याजवळ पोर ठेवायचं नाही. ती थोड्या वेळानं ओझं तरी पाडते, नाहीतर लाथ तरी मारते.

"ही कंबर घेतच न्हाई बग," म्हस्कू म्हणाला. "त्या ईसवरनं कांद्याची पोती बसवाया केलीय. मी काय कांदा हाय व्हय?"

तानुबाईला हसावं की रडावं कळेना. ती त्या दिवशी नवऱ्याबरोबर रस्त्यानं चालत गेली, आणि साधनाची काळी गाडी दोघांच्या मागून बैलाच्या चालीनं येत राहिली. येणारे-जाणारे मोटारसायकलवाले वळून वळून बघत होते.

वस्तीवर आल्यावर ती गाडीकडं फिरकली नाही. तिचं सगळं भांडणच 'दबंल' या शब्दाशी होतं. मारुतरावांनी म्हटलं दबंल, म्हणून हिनं धरलं दबायचीच नाही. आता दबू द्यायची म्हणजे मारुतरावांचं खरं म्हणायचं का? गावातल्या शहाण्यांनी सल्ला दिला, गाडी लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्या, नाहीतर विका. तानुबाईनं ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

झेंडूची तोड सुरू होती. वाफ्यात वाकलेली असताना ती एकदम ताठ झाली आणि साधनाला म्हणाली, "चल, यवतला."

ईश्वरनं गाडी परत आलेली बघून हात टेकले. "आता काय झालं?"

"आता दबायला पायजे."

"मावशी, तुमीच तर म्हनला व्हता..."

"म्हनले व्हते. आता हे म्हनते. बापय मानसं सकाळ-संध्याकाळ शब्द फिरवत्यात, मी एकदा फिरवला तर काय आभाळ कोसळलं?"

ईश्वरला वाईट वाटलं होतं. कडक केलेली गाडी कुणी मऊ करायला परत आणत नाही, हा त्याच्या धंद्याचा इतिहास. तो जरा घुश्शातच म्हणाला, "मऊ केली की तिघांच्या वजनानं खाली जानार. मग माझ्या नावानं वरडू नका."

"जाऊ दे. पन खाली घासाया नको, आन् ह्यांच्या पायाला हिसका बसाया नको."

मग मात्र तो नीट कामाला लागला. गाडी वर उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, शॉकअप सोडले. पहारीनं मागचा आस खाली दाबून धरला आणि त्या मस्तवाल स्प्रिंगा बफरांसकट उपटून काढल्या. नव्यासाठी त्यानं भोसरीच्या एका ओळखीच्याला फोन केला, तारेची जाडी सांगितली, उंची सांगितली. त्या तयार होऊन यायला आठवडा गेला. शॉकअपही बेताचे घेतले. आसाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांची रबरी बुशं तडकली होती, तीही नवी घातली.

सगळं जागेवर बसल्यावर त्यानं बोल्ट हातानंच फिरवले, आवळले नाहीत. गाडी जमिनीवर उतरवून तो म्हणाला, "आता मागं कोन बसनार हाय ते खरंखुरं बसा. वजन आल्यावरच बोल्ट आवळायचं असत्यात. मोकळ्या गाडीवर आवळलं की रबर पिळवटून बसतं, मग ते जन्मभर अवघडलेलंच ऱ्हातं."

म्हस्कू बसला, रंगुबाई बसली, मध्ये तानुबाई. ईश्वर खड्ड्यात उतरून गाडीखाली गेला. पान्याचा करकर आवाज आणि त्याचा हुंकार खालून ऐकू येत होता. तानुबाईला आपल्याखाली गाडी हळूच बसल्याचं जाणवलं. चांदीनं कंबर घ्यावी तशी. तिनं दोन्ही हात सीटवर दाबून धरले, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. रंगुबाईनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

त्यानंतरच्या बुधवारी बिऱ्हाड निघालं. अगदी बिऱ्हाडच. डिकीत घोंगड्या, जर्मनची भांडी, मेंढरं कोंडायची वाघूर आणि पाटीखाली एक कोंबडी. साधना म्हणाली, "आत्या, हे सगळं कशाला?" तर म्हणाली, "तवा तो तिघांच्या वजनाला भ्याला व्हता. आज नुसतं मानसांवर कशाला भागवायचं?"

रस्ता तोच, खड्डे तेच. गाडी खाली जायची, वर यायची, चालायची. म्हस्कूनं वाटेत एक डुलकीसुद्धा काढली.

मारुतरावांच्या बंगल्याला आता मोठं फाटक आहे, दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र दगडाचे खांब. म्हातारे मारुतराव आत खुर्चीवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून ते काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, ही तर माझी गाडी!"

"व्हती," तानुबाई काच खाली करून म्हणाली.

"कोन तुम्ही?"

पूर्वी 'बाई' होती, आता गाडीत बसल्यावर 'तुम्ही' झालं होतं. तानुबाई उतरली. "तुमच्या चारीत आमची घोडी पडली व्हती. ह्यांचा पाय मोडला व्हता. मी ह्याच गाडीपशी येऊन उभी ऱ्हायले व्हते."

मारुतराव आठवू लागले, आणि मग एकदम खूश झाले. "हां, हां! धनगराचा पाय! मी गाडी दिली व्हती की तुमाला!"

"बैलगाडी."

"व्हय, बैलगाडी. गडीबी संगं दिला व्हता."

तीस वर्षं तानुबाईनं या भेटीची उजळणी केली होती. मारुतराव ओशाळतील, चिडतील, नाकबूल करतील, सगळ्याला उत्तर तयार होतं. पण त्यांनी ती गोष्ट आपलं पुण्य म्हणून जपून ठेवली असेल, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिनं संतापानं गाडीच्या टपावर हात आपटला.

"आन् ही का दिली न्हाई, ते आठवतंय?"

मारुतरावांनी गाडीवरून हात फिरवला. "न्हाई बाई. लई दिस झालं त्याला."

"मला आठवतंय. साधना, गाडी खांबाला लावून घे. आन् उतरा समदी. डिकीबी मोकळी करा."

साधनानं मागचा बंपर खांबाच्या अगदी जवळ आणला. म्हस्कू उतरला, रंगुबाई उतरली. घोंगड्या, भांडी, कोंबडी, सगळं मारुतरावांच्या दारात मांडलं गेलं. गाडी हलकेच वर आली. तानुबाईनं कनवटीच्या भंडाऱ्यात बोट बुडवलं आणि बंपरच्या उंचीवर खांबाच्या पांढऱ्या दगडावर पिवळी रेघ ओढली.

"बाई, खांब खराब..." मारुतराव म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

सामान परत डिकीत गेलं. मग म्हस्कूनं वाकडा पाय हातानं उचलून आत घेतला. रंगुबाई बसली. शेवटी खिडकीपाशी तानुबाई बसली आणि साधनाला म्हणाली, "आता तू रेघ वढ."

साधनानं आत्याच्या भंडाऱ्यात बोट बुडवून पहिल्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली आणि दोन्हींच्या मध्ये बोटं आडवी ठेवून बघितली.

"चार बोटं, आत्या."

तानुबाईनं खिडकीतून मान बाहेर काढली. "तुमी म्हनला व्हता, तिघं बसल्यावर गाडी मागनं दबंल. बघा, दबली. एवढीच दबली असती, मारुतराव."

 मारुतरावांची नजर त्या दोन रेघांवरून आत बसलेल्या म्हस्कूच्या पायाकडं गेली आणि परत रेघांवर आली. भंडारा दगडात मुरला की सहज निघत नाही.

साधनानं गाडी रस्त्याला घेतली. फाट्यावर आल्यावर तिनं निमोण्याकडं वळायला दिवा लावला.

"तिकडं न्हाई," तानुबाई म्हणाली. "शिरूरला घे. दवाखान्यावर."

"दवाखान्यात आज काय काम हाय, आत्या?"

"काम काय न्हाई. तवा ह्या गाडीतनं जायचं ऱ्हायलं व्हतं."

साधनानं दिवा बंद केला. म्हस्कूनं वाकडा पाय दोन्ही बायांच्या मांडीवर नीट लांब केला, जसा त्या दिवशी करायचा होता, आणि गाडी शिरूरच्या रस्त्याला लागली.